दुचाकी चालवताना नजर कुठे ठेवावी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

नाशिकच्या रस्त्यांवर दुचाकीस्वारांची नजर बहुतेक वेळा दोनपैकी एका ठिकाणी खिळलेली दिसते. एक म्हणजे पुढच्या चाकासमोरचा दहा-बारा मीटरांचा तुकडा आणि दुसरे म्हणजे पुढच्या वाहनाचा मागचा दिवा. खड्ड्यांमुळे पहिली सवय लागते आणि गर्दीमुळे दुसरी. त्यावर ‘लांब बघत जा’ असा सल्ला मिळतो, पण तो ऐकून अनेकजण दूरच्या एकाच बिंदूकडे टक लावतात आणि जवळच्या गल्लीतून निघणारी रिक्षा त्यांना दिसत नाही. नजर किती लांब असावी यापेक्षा ती कोणत्या क्रमाने फिरावी आणि संकटाच्या क्षणी कुठे जावी, हे ठरलेले असणे अधिक महत्त्वाचे आहे. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच आत्मसात करावेत, कारण पाचवा आणि सहावा टप्पा आधीच्या चारांवर उभे आहेत.

## टप्पा १: निघण्यापूर्वीची तयारी

हेल्मेटची काच स्वच्छ नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. काचेवरची धूळ कोरड्या रुमालाने पुसू नये, कारण धुळीचे कण काचेवर बारीक ओरखडे पाडतात. दिवसा ते जाणवत नाहीत, मात्र रात्री समोरच्या दिव्याचा उजेड त्याच ओरखड्यांवर पसरतो आणि काही क्षण काहीच दिसेनासे होते. ओला कापड काचेवर मिनिटभर ठेवावा, धूळ सैल होऊ द्यावी आणि मग हलक्या हाताने टिपून घ्यावी. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा असेल, तर हे काम रोजचेच समजावे. ओरखडलेली काच बदलावी आणि काळी काच सूर्यास्तानंतर वापरू नये. चष्मा असेल तर तो हेल्मेटमध्ये सरळ बसतो का हे पाहावे, कारण तिरका बसलेला चष्मा वळणावर मान वळवताच दृष्टीच्या आड येतो.

आरसे गाडीवर नेहमीच्या पद्धतीने बसूनच लावावेत. आरशाच्या आतल्या कडेला आपल्या कोपराचा किंवा खांद्याचा अगदी थोडा भाग दिसावा आणि उरलेल्या आरशात मागचा रस्ता यावा. बहुतेक दुचाकींचे आरसे बहिर्गोल असतात, त्यामुळे मागचे वाहन असते त्यापेक्षा दूर भासते. मागून ट्रक येत आहे एवढे आरसा सांगतो. तो किती जवळ आला आहे, हे खांद्यावरून क्षणभर मागे पाहिल्याखेरीज कळत नाही.

हँडलवर मोबाइल लावला असेल तर मार्ग आधीच पाहून ठेवावा आणि सूचना कानाने ऐकावी.

तपासणी: गाडी उभी असताना हनुवटी डाव्या व उजव्या खांद्यापर्यंत वळवून पाहावी. हेल्मेट, जाड जर्किन किंवा पाठीवरची बॅग मान अडवत असेल तर ती अडचण इथेच दूर करावी. मान न वळणारा चालक वळणावर फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतो आणि ते पुरेसे नसते.

## टप्पा २: अंतर मीटरांत नव्हे, सेकंदांत मोजणे

ताशी ३६ किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात १० मीटर जाते, ताशी ५४ ला १५ मीटर आणि ताशी ७२ ला २० मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो, बेसावध असेल तर त्याहून अधिक. म्हणजे ताशी ५४ किलोमीटरने जाताना नजर बारा मीटरांवर असेल, तर जे दिसते ते दिसण्यापुरतेच उरते. त्याबद्दल काही करण्याआधी चाक त्यावरून गेलेले असते. ताशी ६० किलोमीटरला कोरड्या चांगल्या रस्त्यावर पूर्ण थांबण्यासाठी, विचाराचा वेळ धरून, साधारण ४० मीटर लागतात, आणि रस्ता ओला असेल तर त्याहून बरेच जास्त.

म्हणून मुख्य नजर आपण आठ ते बारा सेकंदांनी जिथे असू तिथे ठेवावी. शहरात हे अंतर पुढच्या चौकापर्यंत भरते, महामार्गावर दोन-अडीचशे मीटरांपर्यंत जाते. पुढच्या वाहनापासून किमान दोन सेकंदांचे अंतर असावे आणि पावसात ते चार करावे. ते वाहन एखाद्या खांबाजवळून गेले की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे म्हणावे. म्हणणे संपण्याआधीच आपण खांबापाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत.

इथे बहुतेकांचे एक हमखास चुकते. पुढे ट्रक किंवा बस असली की तिच्या मागे अगदी जवळ राहून, मान तिरकी करून पुढचे पाहण्याचा प्रयत्न होतो. असे केल्याने दिसणारे क्षेत्र वाढत नाही, कमीच होते. ट्रकपासून मागे सरले की त्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता आपोआप उघडतो. दिसत नसेल तर डोळे ताणू नयेत, गाडीची जागा बदलावी.

सावधान: शहरातील मोठ्या वाहनामागे दोन सेकंदांचे अंतर ठेवले की मध्ये कोणीतरी शिरतेच. त्याला शिरू द्यावे आणि पुन्हा अंतर घ्यावे.

## टप्पा ३: नजरेची फेरी

डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो, हात पूर्ण लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा, साधारण दोन अंशांचा. बाकीची दृष्टी आकार आणि हालचाल टिपते, पण तपशील देत नाही. त्यामुळे एका जागी लावलेली नजर, ती जागा कितीही योग्य असली तरी, अपुरीच पडते. फेरीचा क्रम असा ठेवावा:

१. दूर: आठ ते बारा सेकंदांपुढचा रस्ता. इथेच अधिक वेळ थांबावे.

२. मध्ये: तीन-चार सेकंदांपुढचा भाग. गल्लीची तोंडे, उभ्या गाड्या, रस्ता ओलांडणारी माणसे.

३. जवळ: रस्त्याचा पृष्ठभाग, एक झलक पुरे. जो खड्डा मध्यम अंतरावर असतानाच पाहिला, त्याच्याकडे चाकाखाली येईपर्यंत पाहत राहण्याचे कारण नसते.

४. एक आरसा, आणि पुन्हा दूर. पुढच्या फेरीत दुसरा आरसा.

प्रत्येक झलकेनंतर नजर दूर परत यायला हवी. खड्डेमय रस्त्यावर हे अशक्य वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे. तरीही तिथेच याचा सर्वाधिक उपयोग होतो. खाली पाहत जाणारा चालक एक खड्डा चुकवतो आणि दुसऱ्यात जातो. दूर पाहणाऱ्याला दोन खड्ड्यांमधली वाट आधीच दिसते आणि हँडलचे झटके कमी होतात. पुढच्या गाड्या कुठे उसळतात, कोणत्या जागी सगळे एकाच बाजूला सरकतात, यावरूनही न दिसणारा खड्डा वाचता येतो.

तपासणी: चालता चालता स्वतःला विचारावे, ‘आत्ता माझ्या मागे कोणते वाहन आहे?’ उत्तर न पाहता देता आले नाही, तर फेरीतून आरसा गळला आहे.

## टप्पा ४: चौक, गल्ल्या आणि उभी वाहने

द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या चौकात वाहने इतक्या दिशांनी येतात की सगळीकडे सारखे लक्ष देता येत नाही. प्रत्येक वाहनाकडे एकदा पाहून त्याचे पुढचे चाक कुठे वळले आहे, एवढे टिपावे. चालकाची मान फसवते, कारण तो आपल्याकडे पाहत असला तरी आपण त्याच्या मनात नोंदले गेलेलो असू असे नाही. चाक मात्र वाहनाआधी हलते. उभ्या रिक्षाचे पुढचे चाक रस्त्याकडे वळलेले असेल तर ती निघणार असे धरून चालावे. कॉलेज रोडसारख्या ठिकाणी कडेला उभ्या मोटारींच्या काचेतून आत कोणी बसले आहे का ते पाहावे. बसलेले असेल तर दार उघडण्याएवढी जागा सोडूनच जावे.

शहरातून जाणाऱ्या उड्डाणपुलाखाली आणखी एक अडचण आहे. पुलाचे जाड खांब पलीकडून वळणारी दुचाकी पूर्ण झाकतात. अशा जागी एकदा पाहून पुढे जाऊ नये. पहिल्या नजरेत जे वाहन खांबाआड होते, ते दुसऱ्या नजरेत, आपण दोन-चार मीटर पुढे सरकल्यावर, उघडे पडते. म्हणून उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे असे पाहावे आणि दुसऱ्या वेळी डोके थोडे पुढे घ्यावे.

बाजूच्या रस्त्याने येणारे वाहन आपल्या दृष्टीत जिथे आहे तिथेच राहून फक्त मोठे होत असेल, तर आपण दोघे एकाच बिंदूकडे चाललो आहोत. ते पुढे किंवा मागे सरकताना दिसले तर मार्ग एकमेकांना टाळतात. स्थिर भासणाऱ्या वस्तूकडे कडेची दृष्टी लक्ष देत नाही, आणि म्हणूनच असे वाहन ‘अचानक आले’ असे वाटते.

## टप्पा ५: वळण आणि घाट

वणीजवळ नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढणारा रस्ता, पेठ रस्त्यावरचा सावळ घाट, सिन्नरकडे जाताना लागणारा मोहदरी घाट, या सर्व ठिकाणी नियम एकच आहे: आधी नजर, मग हनुवटी, मग हँडल. हा क्रम उलटला की गाडी वळणाच्या बाहेर फेकली जाते आणि चालक वेगाला दोष देतो.

प्रत्येक वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जाऊन एकमेकींना मिळताना दिसतात. त्या मिळण्याच्या जागेला आपण टोक म्हणू. टोक हे आपल्याला दिसणाऱ्या रस्त्याची शेवटची जागा आहे आणि वेगाचा निर्णय त्यावरूनच घ्यायचा असतो. टोक झपाट्याने आपल्याकडे येत असेल तर वळण आवळत आहे, वेग कमी करावा. टोक आपल्या वेगाने पुढे सरकत असेल तर वेग योग्य आहे. ते आपल्यापासून दूर पळू लागले तर वळण उघडत आहे.

आता क्रम:

१. गाडी सरळ असतानाच ब्रेकचे काम पूर्ण करावे आणि गिअर उतरवावा.

२. वळणात शिरण्याच्या जागी पृष्ठभागावर एक झलक टाकावी: खडी, सांडलेले तेल, पाण्याचा ओघळ, चिखल. पावसाळ्यात डोंगराकडच्या बाजूने माती वाहून येते, ती इथेच दिसायला हवी.

३. गाडी कलण्याआधी नजर उचलून टोकाकडे न्यावी. सर्वांत अधिक चुकणारी पायरी हीच आहे. शिरण्याच्या जागेवर नजर रेंगाळली की हात उशिरा वळतात.

४. हनुवटी टोकाकडे वळवावी. गाडी कलली तरी डोळे क्षितिजाशी समांतर राहू द्यावेत; डोके गाडीबरोबर कलले की वेग आणि वळणाचा अंदाज दोन्ही चुकतात.

५. टोक सरकेल तशी नजर त्याच्याबरोबर न्यावी. मधे पृष्ठभागावर झलक चालेल, पण थांबू नये.

६. वळणापुढचा सरळ रस्ता दिसला की नजर तिथे नेऊन रेस हळूहळू वाढवावी.

दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. गडाच्या रस्त्यासारख्या अरुंद ठिकाणी दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता यायला हवे, कारण समोरचाही त्याच तुकड्यात येत असतो.

उजव्या वळणावर आपल्या बाजूच्या डाव्या भागात राहिल्यास टोक लवकर दिसते, मात्र साईडपट्टीच्या खडीवर उतरू नये. डाव्या वळणावर अधिक दिसावे म्हणून काहीजण मध्यरेषेला चिकटतात. घाटात हे करू नये. उतरणारे अवजड वाहन वळताना मध्यरेषा ओलांडून येते आणि तेव्हा आपण त्याच रेषेला चिकटलेले असतो.

यू आकाराच्या तीव्र वळणावर टोक जवळजवळ खांद्यामागे असते. तिथे मान मोकळेपणाने वळवून रस्त्याचा वरचा पट्टा शोधावा. बसमधले प्रवासी वरून खाली पाहतात तसे आपणही चढताना वरच्या पट्ट्यावर नजर टाकली, तर कोणते वाहन खाली येत आहे ते वळणाआधीच कळते.

सावधान: गटाने फिरायला जाताना पुढच्या मित्राच्या मागच्या दिव्याकडे पाहत वळू नये. तो चुकला तर आपणही त्याच्यामागे चुकतो. त्याला दोन वळणे पुढे जाऊ द्यावे.

## टप्पा ६: संकटाच्या क्षणी मोकळी वाट

दुचाकी जिथे पाहाल तिथे जाते. डोळे एखाद्या वस्तूवर खिळले की खांदे आणि हात नकळत त्या दिशेला दाब देतात आणि हँडलवरचा थोडासा दाबही चालत्या गाडीला वळवायला पुरतो. म्हणूनच रुंद रिकाम्या रस्त्यावर एकुलत्या खड्ड्यात चाक जाते, आणि सरळ जाऊ शकणारी गाडी दुभाजकाला भिडते. भीती नजरेला धोक्याकडे ओढते. ही ओढ नैसर्गिक आहे, म्हणूनच तिच्यावर मात करणारी सवय मुद्दाम लावावी लागते.

धोका ओळखण्यापुरता पाहावा आणि लगेच शोधावे: मोकळी जागा कुठे आहे? कुत्रा आडवा आला तर तो ज्या दिशेने पळतो आहे त्याच्या मागची जागा. ट्रक वळणावर आपल्या बाजूला आला तर ट्रक आणि डाव्या कडेच्या मधला पट्टा. मोटारीचे दार उघडले तर दाराच्या कडेपलीकडचा रस्ता, आरशाची खात्री आधीच झालेली असेल तर. नजर त्या जागेवर नेली आणि हँडल त्या बाजूने पुढे ढकलले, म्हणजे डावीकडे जायचे तर डावी मूठ, की गाडी तिकडे वळते.

वाट नसेल तर ब्रेक. जोराचा ब्रेक लावताना नजर खाली गेली की मान झुकते, वजन मनगटांवर येते आणि गाडी हेलकावते. डोळे वर, रस्त्याच्या दूरच्या भागावर ठेवूनच ब्रेक दाबावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनच्या नव्या दुचाकींना एबीएस अनिवार्य आहे. त्यामुळे एबीएस असलेले चाक जाम होत नाही, पण कुठे जायचे हे एबीएस ठरवत नाही, ते डोळेच ठरवतात.

गतिरोधक किंवा न टळणारा खड्डा आला तर ब्रेक त्याच्या आधी पूर्ण करावा, चाक टेकण्यापूर्वी ब्रेक सोडावा, पायांवर थोडे उचलून नजर पलीकडे ठेवावी.

## टप्पा ७: रात्र, पाऊस आणि मावळतीचे ऊन

डिपरचा उजेड बहुतेक दुचाकींवर साधारण ३० ते ४० मीटर जातो आणि ताशी ६० किलोमीटरला थांबायलाच तेवढे अंतर लागते. रात्री वेग कमी करण्याला दुसरा पर्याय नाही. समोरून अप्पर लावून वाहन आले तर दिव्याकडे पाहू नये. नजर आपल्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर आणावी, रेस सोडावी आणि वाहन जाताच नजर पुन्हा दूर न्यावी. पिंपळगाव बसवंत आणि लासलगाव परिसरात कांद्याच्या ट्रॉल्या, निफाडच्या बाजूला उसाच्या गाड्या मागे दिवा नसताना चालतात. तिथे उजेडाच्या टोकाशी काळा ठोकळा शोधावा. दूरच्या दिव्यांची रांग मध्येच तुटलेली दिसली, तर त्या जागी काहीतरी उभे आहे.

पावसात साचलेल्या पाण्याची खोली नजरेला कळत नाही. पुढच्या वाहनाची चाके किती बुडतात ते पाहावे, आणि पुढे कोणीच नसेल तर पाण्याची कड जिथे सरळ तुटते ती जागा टाळावी. इगतपुरीकडच्या धुक्यात पुढच्या लाल दिव्याच्या मागे लागण्याचा मोह होतो. त्याऐवजी डावी कड धरावी आणि काच बोटभर उघडी ठेवावी, म्हणजे आतून वाफ धरत नाही.

संध्याकाळी त्र्यंबकेश्वरकडे जाताना ऊन थेट डोळ्यांत येते. हनुवटी थोडी खाली घेऊन हेल्मेटच्या वरच्या कडेची सावली डोळ्यांवर आणावी. सकाळी त्र्यंबकेश्वरहून नाशिकला येतानाही तेच करावे. ऊन पाठीमागे असले की आपल्याला सगळे छान दिसते, पण समोरच्याला आपण दिसत नाही. आपलीच लांब सावली पुढे पडलेली दिसली, तर समोरून येणारा आंधळा झाला आहे असे समजून त्याच्या वळण्याची जागा आधी पाहून ठेवावी.

## टप्पा ८: सराव आणि थकव्याची खूण

सराव रिकाम्या मैदानावर, ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने सुरू करावा. जमिनीवर एक जुने कापड ठेवून त्याच्या बाजूने जावे, पण पाहावे कापडाच्या पलीकडे. दोन-तीनदा चाक कापडावर जाईलच, आणि तेव्हा नजर कुठे होती ते आठवावे. मग दोन्ही बाजूंना यू वळणे घ्यावीत आणि वळताना पुढच्या चाकाकडे एकदाही पाहू नये. हे सहज जमू लागल्यावरच घाटाचा विचार करावा.

रोजच्या रस्त्यावर हेल्मेटच्या आत, दिसेल ते हळू आवाजात बोलत जावे: ‘डावीकडे गल्ली, रिक्षा उभी, चाक वळलेले, मागे बस.’ बोलणे अडखळले की नजर एखाद्या ठिकाणी अडकली आहे हे लगेच समजते. मागे बसणाऱ्याला वळणावर आपल्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला पाहायला सांगावे. मग तो गाडीच्या उलट कलत नाही.

पुणे रस्त्याने लांब जाताना तासा-दीड तासाने स्वतःची नजर तपासावी. माणूस थकला की डोळे आधी आरसा सोडतात, मग बाजूच्या गल्ल्या, आणि शेवटी नजर पुढच्या वाहनाच्या नंबरप्लेटवर येऊन थांबते. नंबर पाठ झाला आहे असे लक्षात आले, तर पुढच्या सुरक्षित जागी गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला घ्यावी, हेल्मेट काढावे, चेहऱ्यावर पाणी मारावे आणि पंधरा-वीस मिनिटे बसावे. पुन्हा निघाल्यावर पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत आरसा फेरीत परत आला नाही, तर पुढचा प्रवास त्या दिवशी करू नये.